मिठाच्या तळ्याचा एकच फोटो

सूदाबेने आम्हा दोघांना समोर बसवून बजावलं, "अर्दलान आगांशी राजकारणावर बोला, धर्मावर बोला, हवं तर त्यांच्या टकलावर बोला. पण उजेड कसा मोजायचा, या विषयावर घरातल्या कोणीही तोंड उघडायचं नाही."

घरातल्या कोणीही म्हणजे तिचे बाबा. मी तर लग्न झाल्यापासून त्या विषयावर तोंड बंद ठेवूनच संसार केला आहे.

"मी कशाला बोलतोय?" कियूमर्स म्हणाला. "मला काय पोच नाही?"

"मामाच्या लग्नात नवरीच्या हनुवटीखाली मीटर कोणी धरलं होतं, बाबा?"

"तिच्या मानेवर सावली पडत होती."

"मामी अजून तुमच्याशी बोलत नाही."

कियूमर्सचं ते मीटर म्हणजे फोटोसाठी उजेड मोजणारी, मुठीत मावेल अशी काळी डबी, आणि तिच्या टोकाला अर्ध्या अंड्यासारखा पांढरा घुमट. इतर पुरुष गळ्यात साखळी घालतात, हा ते घालतो. त्याचं तत्त्व असं, की समोरच्या वस्तूला काही विचारायचंच नाही. वस्तू काळी असो, गोरी असो, तिच्यावर पडणारा उजेड मोजा आणि मोकळे व्हा. काशानच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस तो. सूर्य एक आहे त्याअर्थी उत्तरही एकच, असा त्याचा हिशेब.

आणि आमच्या नशिबाने मुलीने फोटोग्राफी मंडळात जो मुलगा पसंत केला, त्या बेहरंगचे वडील नेमके दुसऱ्या पंथाचे. अर्दलान आगा नतंजचे, पाटबंधाऱ्याचे इंजिनियर. त्यांच्याकडे पिस्तुलासारखं मीटर. एक डोळा मिटून त्यातून नेम धरायचा, आणि डोंगराला वेगळं विचारायचं, ढगाला वेगळं, झुडपाला वेगळं. प्रत्येकाची बाजू ऐकून घेतल्याशिवाय निवाडा करणं म्हणजे अन्याय, असं ते मंडळाच्या सभेत म्हणाले होते म्हणे. हे कानावर आलं तेव्हा कियूमर्स दोन घास कमी जेवला होता.

बेहरंगनेही आपल्या वडिलांना घरी असाच दम भरला होता, हे मला पुढे कळलं.

त्यामुळे ही मंडळी मागणी घालायला आली तेव्हा दोन्ही पुरुष इतके गोड वागले, की मला धडकीच भरली. आधी दारात अडकले. "आपण आधी." "छे छे, आपण असताना मी?" "आपण वयाने मोठे." "आपण ज्ञानाने मोठे." मागे फरीदे खानुम, म्हणजे मुलाची आई, हातात पेरांची टोपली घेऊन ताटकळत उभी. चहा आला तेव्हा पहिला पेला कोणी उचलायचा यावरून तो थंड झाला. मी दुसरा आणला, तोही थंड झाला. आमच्या लोकांना आग्रहाचं व्यसन आहे. समोरच्याला नाही म्हणायचं नाही, आणि हो म्हणायचं तर तिसऱ्या आग्रहाच्या आधी म्हणायचं नाही. तआरोफ म्हणतात याला. पाहुण्याने "आता निघतो" म्हटलं की "राहा ना" म्हणावं लागतं, मग तो चुकून राहिला तर आत जाऊन कपाळ बडवावं लागतं.

"तारखेचं काय?" शेवटी मीच विचारलं.

"तारीख काय, कियूमर्स खान म्हणतील ती," अर्दलान आगा म्हणाले.

"माझी काय प्राज्ञा? आपण म्हणाल ती."

"आम्ही आपल्या पायाची धूळ. आपण बोला."

"आपली सावली आमच्यावरून कमी न होवो. आपणच बोला."

कोणीच बोललं नाही. मंडळी उठून गेली. पुढच्या खेपेलाही तेच, त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. फक्त पेरांच्या जागी बदामाची मिठाई आली.

इकडे बेहरंगची नेमणूक बंदर अब्बासच्या गोदीत झाली. नवरोजचा सण झाला की त्याला निघायचं होतं, आणि एकदा गेला की दोन वर्षं रजेचं नाव नाही. सूदाबे एक दिवस भांडी पुसता पुसता मला म्हणाली, "आई, तो गेला की हे भिजत घोंगडं असंच राहणार. ते दोघं एकमेकांना 'आपण आधी' म्हणत म्हातारे होतील, आणि मी पण." एवढं बोलून ती परत पेला पुसायला लागली, आधीच पुसलेला. आपल्या लेकीला इतकं साधं काहीतरी हवं आहे आणि ते दोन सज्जन माणसांच्या सज्जनपणात अडकून पडलं आहे, याचा मला संताप आला. वाईट माणसांशी भांडता तरी येतं.

त्या वर्षी हिवाळ्यात पाऊस बरा झाला होता आणि मारंजाबच्या पलीकडच्या मिठाच्या तळ्यावर पाणी आलं होतं. एरवी तिथे नुसतं मीठ. पाणी आलं की सगळं आभाळ खाली उतरतं, आणि मधलं ते खडकाळ बेट हवेत तरंगल्यासारखं दिसतं. भटकं बेट म्हणतात त्याला. फरीदे खानुमने सुचवलं, की दोन्ही घरांनी मिळून तळ्यावर जावं, दोघांनी मिळून एक फोटो काढावा, आणि तो मुलांच्या नव्या घरात लावावा. मला कल्पना फार आवडली. मी म्हटलं, तिथे दार नाही, उंबरा नाही, अडकणार कुठे? बसून तारीख ठरवूनच उठू.

मी मूर्ख होते. आरानच्या पुढे रस्त्याला फाटा फुटतो, तिथे दोन्ही पैकान गाड्या समोरासमोर थांबल्या. अर्दलान आगा काचेतून हाताने खुणावतात, पुढे व्हा. कियूमर्स छातीवर हात ठेवून मान झुकवतो, आपण व्हा. इंजिनं धूर सोडताहेत, मागे कलिंगडांचा ट्रकवाला आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय. शेवटी मी उतरले आणि आमच्या गाडीच्या टपावर अशी थाप मारली की कियूमर्सने दचकून गाडी पुढे काढली.

तळ्याशी पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. कडेला मीठ कोरडं, पुढे बोटभर पाणी, आणि त्यात गुलाबी आभाळ. मी सतरंजी अंथरली, कूकूच्या, म्हणजे अंडं-भाजीच्या वड्या, काकड्या, चहाचा थर्मास मांडला. बेहरंगने तिवई रोवली. कॅमेरा अर्दलानांचा, तिवई आमची, फिल्म अर्धी-अर्धी करता येत नाही म्हणून ती मुलांनी आणलेली. तीही स्लाइडची. स्लाइडच्या फिल्मचं नाक फार वर असतं. उजेड थोडा जास्त झाला की सगळं धुऊन निघतं, थोडा कमी झाला की काळोख. साध्या फिल्मसारखं नंतर सावरून घेता येत नाही.

आता मोजायचं कोणी, हा प्रश्न आला. मी सतरंजीवरून बघत होते आणि दोन्ही मुलं श्वास धरून उभी होती.

"कियूमर्स खान, आपलं मीटर असताना माझ्या खेळण्याला कोण विचारतो?" अर्दलान आगा म्हणाले.

"अहो, काय बोलता? आपल्या यंत्रापुढे माझं म्हणजे उकडलेलं अंडं."

"मला ते अंडं हातात धरायचा मान मिळाला तर मी धन्य होईन."

"आणि मला आपलं पिस्तूल."

आणि खरंच त्यांनी मीटरं बदलली. कियूमर्सने आयुष्यात पहिल्यांदा पिस्तूल डोळ्याला लावलं आणि समोरच्या कोरड्या मिठावर नेम धरला. आता हे मला त्याच्याबरोबर राहून राहून पाठ झालं आहे: असलं मीटर बापडं, जगातलं सगळं राखाडी आहे असं धरून चालतं. त्याला पांढरंशुभ्र मीठ दाखवलं, की त्याला वाटतं उजेड फार झाला, कमी करा. त्याचं ऐकलं तर फोटोत मीठ सिमेंटसारखं येतं. म्हणून शहाणा माणूस पांढऱ्यावर मोजलं की भिंगाचं कडं दोन घरं उघडतो, म्हणजे तेवढा जास्त उजेड आत घेतो. कियूमर्सला हे शाळेपासून माहीत. त्याने डोक्यातल्या डोक्यात दोन घरं उघडली आणि आकडा सांगून टाकला. हिशेबात तो विजेसारखा आहे, मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही.

तिथेच घोटाळा झाला. अर्दलान आगांनी हातातल्या अंड्याकडे पाहिलंदेखील नाही. "काय योगायोग," ते म्हणाले, "माझाही आकडा तंतोतंत हाच." आणि अंडं खिशात घातलं. पाहुण्याच्या आकड्यापेक्षा आपला वेगळा येऊन चालेल का? त्याने पाहुण्याचा अपमान होतो. बेहरंगने तो आकडा कॅमेऱ्यावर लावला.

पण मनातून अर्दलान आगांना कळवळा आला. अंड्यावाल्याने पहिल्यांदाच पिस्तूल धरलं, बिचाऱ्याला पांढऱ्याची गोम काय ठाऊक, त्याने यंत्राचा आकडा जसाच्या तसा सांगितला. असं त्यांना वाटलं. चारचौघांत चूक दाखवायची नाही, म्हणून ते कॅमेऱ्यापाशी गेले, "काचेवर धूळ दिसते" असं पुटपुटले, रुमालाने काच पुसली आणि जाता जाता कडं दोन घरं उघडून आले.

मग सूदाबे गेली. "धूळ अजून आहे वाटतं," म्हणून तिनेही काच पुसली. मी म्हटलं, केवढी स्वच्छ मुलगी आहे माझी. ती काय करत होती ते मला तेव्हा कसं कळणार?

"दुसरा एक काढून ठेवू या का? थोडा कमी-जास्त करून?" बेहरंग म्हणाला.

सगळे फोटोवाले असंच करतात, एक जास्त उजेडाचा, एक कमी उजेडाचा, म्हणजे एक तरी साधतो. पण त्याच्या वडिलांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की पोराने जणू आमच्या घरच्या मिठाला नाव ठेवलं.

"कियूमर्स खानांनी मोजल्यावर दुसरा कशाला?" ते म्हणाले.

"अर्दलान आगांनी खात्री केल्यावर दुसरा कशाला?" कियूमर्स म्हणाला.

बटण दाबायचा मान कोणाचा यावर आणखी थोडी ओढाताण झाली. सूर्य काही आग्रहाला बधत नाही, तो बेटाच्या मागे टेकायला आला. शेवटी फरीदे खानुमने पदर खोचल्यासारखी अंगावरची चादर कमरेशी आवळली, पुढे गेली आणि बटण दाबलं. एकच फोटो. तारखेचा विषय मी काढला, तेव्हा दोघेही म्हणाले, की आधी फोटो तर येऊ दे.

स्लाइड धुवायला बेहरंग तेहरानला घेऊन गेला. ती परत आली त्या संध्याकाळी ही मंडळी आमच्याकडे जमली. मी भिंतीवर पांढरी चादर ताणून लावली. माझा शिवणाचा क्लास आहे, चादरी घरात पुष्कळ, पण मोठी अशी ती एकच होती. कियूमर्सने शाळेचं जुनं प्रोजेक्टर मागून आणलं होतं. दिवे मालवले. मी मनात नवस बोलले, की फोटो चांगला निघू दे, या दोघांची मनं प्रसन्न होऊ देत, आणि एकाच्या तरी तोंडून एखादी तारीख निघू दे.

प्रोजेक्टर घुरघुरलं. स्लाइड सरकली. चादरीवर लखलखीत पांढरा चौकोन पडला.

आम्ही वाट पाहिली. पांढऱ्यातून काही उमटेल असं वाटत होतं. काही उमटलं नाही.

"वा," अर्दलान आगा म्हणाले.

"वा," कियूमर्स म्हणाला.

"किती शांत आहे," फरीदे खानुम म्हणाली. "डोळे निवतात बघा."

"मिठाचा पांढरेपणा असा पकडणं सोपं नसतं," अर्दलान आगा म्हणाले. "कियूमर्स खानांचं मोजमाप."

"आपल्या कॅमेऱ्याची करामत."

"नाही नाही, मोजमाप."

अंधारात मला सूदाबेचा चेहरा दिसत नव्हता, पण तिने माझा हात घट्ट धरला. बेहरंग प्रोजेक्टरच्या मागे पुतळा होऊन उभा. आणि मग फरीदे खानुम पुढे वाकून म्हणाली, "आणि ते डाव्या कोपऱ्यातलं बेट. अगदी तरंगल्यासारखं आलंय."

चादरीच्या डाव्या कोपऱ्यात खरंच काहीतरी तपकिरी होतं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बेट होतं तर.

"अप्रतिम," अर्दलान आगा म्हणाले. "त्याची किनार कशी विरत गेलीय पाहा. याला म्हणतात उजेडाची समज."

"पण बेट उजवीकडे नव्हतं का?" बेहरंग चाचरत म्हणाला.

"स्लाइड उलटी बसली असेल," कियूमर्स लगबगीने म्हणाला. "माझीच चूक, माफ करा, पाहुण्यांना उलटं दाखवलं." त्याने स्लाइड काढली, उलटी केली, पुन्हा घातली. पांढरा चौकोन पडला. बेट डावीकडेच होतं.

कियूमर्सने पुन्हा स्लाइड काढली. आता प्रोजेक्टरमध्ये काहीच नव्हतं, नुसता दिवा. चादरीवर तोच पांढरा चौकोन, आणि डावीकडे बेट.

"आता तर आणखीच स्पष्ट दिसतंय," अर्दलान आगा हळूच म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले आणि दिवा लावला.

"तो इस्त्रीचा डाग आहे," मी म्हटलं. "रमजानात फोन वाजला म्हणून मी इस्त्री तशीच ठेवून गेले होते. ती माझी चादर आहे, आणि तुम्ही सगळे मघापासून माझ्या चादरीची तारीफ करताय. त्या स्लाइडवर काही नाही. कोरी आहे ती. आता मला सांगा, त्या कॅमेऱ्याला कोणी कोणी हात लावला?"

सगळे सतरंजीची नक्षी बघायला लागले.

"अर्दलान आगा, तुम्ही धूळ पुसली होती."

"दोन घरं," ते पुटपुटले. "फक्त दोन घरं उघडली. म्हटलं कियूमर्स खानांना पांढऱ्याची सवय नसेल, उगाच त्यांना बोल नको."

"मला?" कियूमर्सचे कान लाल झाले. "मला पांढऱ्याची सवय नाही? मी दोन घरं आधीच उघडून आकडा सांगितला होता."

"मला काय माहीत? तुम्ही श्वाससुद्धा न घेता बोललात."

"बाबा," सूदाबे म्हणाली. "मी पण."

"तू पण काय?"

"तुम्ही जन्मात पिस्तूल धरलं नव्हतं. मला वाटलं तुम्ही विसरलात. मी शटर दोन घरं हळू केलं, आणखी उजेड आत यावा म्हणून."

आता सगळे बेहरंगकडे वळले. तो प्रोजेक्टरच्या मागे आणखी खाली गेला. "मला वाटलं आमच्या बाबांनी कडं बंद केलं," तो म्हणाला. "त्यांचं बोट फिरताना मी बघितलं होतं. म्हणून मी तेहरानला सांगितलं, फिल्म जरा जास्त वेळ धुवा. अंधार राहायला नको."

म्हणजे प्रत्येकाने दुसऱ्याची चूक गुपचूप झाकली, चूक मुळात नसताना. तीन सभ्य माणसांनी मिळून एका तळ्याला भाजून काढलं होतं. मला हसावं की रडावं कळेना. सूदाबेने मात्र तोंड झाकून घेतलं होतं, तिला वाटलं झालं, संपलं, मोडलं लग्न.

कारण कियूमर्स उभा राहिला होता. "त्या पिस्तुलात अक्कल असती, तर दुसऱ्याला कडं फिरवायची वेळ आली नसती," तो म्हणाला. "माझ्या अंड्याने मोजलं असतं, तर उघडायचं-मिटायचं काही कामच नव्हतं. सरळ आकडा, सरळ फोटो."

अर्दलान आगाही उठले. त्यांचं टक्कल लाल झालं. "सरळ? समोर सूर्य मावळतोय, आणि तुमचं अंडं मागचा उजेड मोजत बसतं. आभाळाला विचारलं का त्याने? बेटाला विचारलं?"

"बेटावर पडतो तोच उजेड माझ्यावर पडतो."

"मध्ये ढग आला तर? डोंगर सावलीत असला तर? अंडं घेऊन डोंगरावर कोण चढणार, तू?"

तू. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या माणसाच्या तोंडून 'तू' निघालं होतं.

"हो, चढेन," कियूमर्स ओरडला. "तुझ्यासारखं एक डोळा मिटून घरी बसणार नाही. प्रत्येकाला विचारत बसतोस, म्हणून तुला तारीखसुद्धा सांगता येत नाही."

"मला? अरे, तू कधी सांगितलीस का? 'आपण म्हणाल ती, आपण म्हणाल ती.' माझे कान किटले."

"मग ऐक. नवरोजच्या आत लग्न."

"नवरोजच्या आत कशाला? सणाच्याच दिवशी. सगळे नातेवाईक मोकळे असतात, वेगळं बोलवायला नको."

"चालेल. पण त्याआधी तळ्यावर पुन्हा जायचं. तू तुझ्या कॅमेऱ्याने, मी माझ्या. मग दाखवतो तुला मीठ कसं असतं."

"मलाच दाखव तू मीठ. माझा जन्म मिठाच्या कडेला गेलाय."

"नतंजला कुठलं रे मीठ?"

मी आणि फरीदे खानुम स्वयंपाकघरात गेलो. ती ओट्याला टेकून खाली बसली आणि अंगावरच्या चादरीआड हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला रडूच आलं, आनंदाने. "तूराँ खानुम," ती म्हणाली, "चहा नका हं ठेवू. हे दोघं उचलतील तोवर थंड होईल." बाहेरून आवाज आला, "चहा कुठंय?" आणि मी नेला तेव्हा दोघांनी एकदमच पेले उचलले, एकमेकांकडे न बघता, आणि घोट घेऊन पुन्हा भांडायला लागले.

तळ्यावर ते गेले. वेगवेगळ्या तिवया, वेगवेगळी मीटरं. कियूमर्सने अंडं धरलं, अर्दलान आगांनी मिठावर, पाण्यावर, आभाळावर, बेटावर पिस्तूल रोखलं आणि कागदाशिवाय बराच वेळ हिशेब केला. मग दोघांनी आपापले आकडे सांगितले. एकच आकडा होता. दोघांची तोंडं इतकी उतरली, की घरी येईपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही. सूदाबे म्हणाली, नीट वापरलं तर दोन्हींनी तेच उत्तर येतं, त्यात नवल काय? पण हे तिने त्यांच्यासमोर म्हटलं नाही.

लग्नाच्या दिवशी आमचा दिवाणखाना माणसांनी भरला. मांडणीवर आरसा, मेणबत्त्या, मध, भाकरी. सूदाबे पांढऱ्या पोशाखात, बेहरंग काळ्या. दोन्ही व्याही कॅमेरे घेऊन समोर बसलेले. पांढऱ्या पोशाखावर मोजायचं की काळ्या कोटावर, यावरून त्यांची सकाळपासून कुजबूज चालू होती.

आमच्याकडे नवरीला, लग्न कबूल आहे का, असं तीनदा विचारतात. पहिल्यांदा ती गप्प राहते, बायका म्हणतात नवरी फुलं वेचायला गेलीय. दुसऱ्यांदा गप्प राहते, बायका म्हणतात नवरी गुलाबपाणी आणायला गेलीय. तिसऱ्यांदा विचारलं की मग ती वडीलधाऱ्यांच्या परवानगीने हो म्हणते. मीही असंच म्हटलं होतं, माझ्या आईनेही.

काझींनी घसा खाकरला आणि पहिल्यांदा विचारलं. फरीदे खानुमने फुलांसाठी तोंड उघडलं.

"हो," सूदाबे म्हणाली.

फरीदे खानुमचं तोंड उघडंच राहिलं. काझी चष्म्यावरून बघत बसले, कारण त्यांना अजून दोनदा विचारायचं होतं. बेहरंग तर इतका गोंधळला की त्याने "हो ना" म्हणून मान डोलवली, जणू प्रश्न त्यालाच होता. मग मी जोराने हाळी दिली, कोणीतरी साखर उधळली, आणि सगळ्या बायका एकदम हसत ओरडायला लागल्या.

"अगं, जरा थांबायचं होतंस," कियूमर्स म्हणाला. त्याच्या हातात अंडं होतं. अर्दलान आगांनी अजून एक डोळा मिटलेलाच होता. दोघेही तिसऱ्या वेळेसाठी उजेड मोजत बसले होते, आणि बटण कोणीच दाबलं नव्हतं.

"मी पुष्कळ थांबले, बाबा," ती म्हणाली.

बंदर अब्बासच्या त्यांच्या घरात भिंतीवर ती कोरी स्लाइड काचेत लावलेली आहे. येणारे-जाणारे विचारतात हे काय, तर बेहरंग सांगतो मिठाचं तळं. लोक मान डोलावतात आणि म्हणतात, फार सुंदर आहे.